सर्वानुमते, झुंबरबाई सोडून

पुंजाराम हा पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. नळाला पाणी सोडणं, ग्रामसभेची दवंडी देणं आणि सभेनंतर ठरावाच्या वहीवर घरोघर सह्या-अंगठे आणणं, ही त्याची तीस वर्षांची कामं. आणखी एक काम कुठल्याच कागदावर नाही. सभेत कुणी एकटा 'न्हाई' म्हणाला, की सभा आठवडाभर पुढे जायची आणि पुंजाराम त्याच्या घरी चहाला जायचा. दोन-तीन चहांत माणूस वळायचा, नाहीतर ठराव वळायचा. हात कधी मोजले गेले नाहीत. त्यामुळे गावचा रस्ता व्हायला अकरा वर्षं लागली; पण झाल्यावर तो कुणी उकरला नाही.

यंदा निकिता सरपंच झाली. राज्यशास्त्रात बी. ए., हुशार, आणि घाईला तिच्याकडे कारणही होतं. पाणी दर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तासभर यायचं. सुप्याच्या एमआयडीसीतली रात्रपाळीची माणसं घरी येतात सातनंतर, म्हणून पाणी आठला सोडा, अशी मागणी होती. निकितानं हात वर करायला सांगितले. एकशे बेचाळीस झाले. विरोधात एक, माळवस्तीवरची झुंबरबाई. ती एकटी राहते आणि सातला खुरपायला जाते. आठला पाणी तिच्या बंद दाराशी येऊन जाणार. कायद्यानं विषय संपला.

ग्रामसेवकानं सवयीनं लिहिलं, 'सर्वानुमते ठरले.' वही घेऊन पुंजाराम माळवस्तीवर गेला. झुंबरबाईनं कोरा चहा ठेवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचलं.

"ह्या सर्वांत मी हाय का?" तिनं विचारलं.

पुंजारामनं शाईचं पॅड उघडलंच नाही. चहा पिऊन तो परत आला आणि वही निकितापुढे ठेवली. ती म्हणाली, चूक झाली तात्या, 'बहुमताने' करून टाकू. तिच्या मनात खोट नव्हती.

"करा की ताई," पुंजाराम म्हणाला. "पन म्हातारीनं हंडा कवा भरायचा, ते बी लिवा."

संध्याकाळी निकिताची स्कूटी माळवस्तीवर दिसली. पहिला चहा कायदा समजावण्यात गेला. म्हातारीला तो समजला, पटला नाही. दुसऱ्या खेपेला निकिता नुसती बसली आणि तिच्यासोबत शेंगा फोडू लागली. दरम्यान तिनं ठराव थांबवून ठेवला होता आणि पाणी सहालाच येत होतं. एकमताचा हा मोठा दोष आहे, की ठरेपर्यंत जुनंच चालतं. रात्रपाळीवाल्यांनी तो बोलूनही दाखवला, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी पुन्हा सभा भरली. निकितानं मांडलं, की माळवस्तीचा व्हॉल्व्ह वर माळावर वेगळा आहे. तो सहाला सोडू, गावाचा आठला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्रामसेवक 'सर्वानुमते' लिहून पुढे सरकणार, तेवढ्यात झुंबरबाई उठली.

"सकाळच्या पारी माळ कोन चढनार? पुंजाला इचारलं का कुनी?"

सभा वळून दाराकडे बघू लागली. तीस वर्षं तो दारातच उभा होता. त्यालाही मत असेल हे कुणाच्या, बहुधा त्याच्याही, ध्यानात आलं नव्हतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"साडेसहा करा," तो म्हणाला. "थंडीत सहाला माळ चढायला गुडघा उठत न्हाई."

सातला निघायच्या आधी, अर्ध्या तासात किती हंडे होतील, ते झुंबरबाईनं बोटांवर मोजलं. मग मान हलवली, आणि निकितानं ग्रामसेवकाच्या हातून पेन घेऊन सहाचं साडेसहा केलं.