दुभाजकातला विसावा

पौष अमावास्येच्या सकाळी दुभाजक फोडायचे बाराशे रुपये ठरले. हजर आम्ही तिघे होतो, मी, माझा धाकटा भाऊ आणि जेसीबीवाला. वडील पहाटे गेले होते. तिरडी बांधायची अजून बाकी होती.

आमचे गाव विसरवाडीच्या अलीकडे, हायवेच्या एका बाजूला. स्मशान दुसऱ्या बाजूला, नाल्याकाठी. रस्ता दुपदरी होता तेव्हा मयत सरळ ओलांडून जायची. कडेला चिंचेखाली विसाव्याचा दगड होता. तिथे तिरडी टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे व्हायचे, मग निघायचे. चौपदरीकरणात चिंच गेली, दगडाची जागा डांबराखाली गेली आणि तिथे सिमेंटचा दुभाजक आला. ओलांडायची ठरलेली जागा दोन किलोमीटरवर. गावासमोर फक्त पाण्याची मोरी ठेवली आहे. तिच्यातून शेळ्या जातात, माणूस वाकून जातो. खांद्यावर तिरडी घेऊन जाता येत नाही. गावाने दोनदा अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर नाही.

जेसीबीवाला म्हणाला, "दादा, थोडं पुढे सरळ रस्तावर फोडू का? आठे वळन शे. गाडीवाल्याले काही दिसत नही."

भाऊ म्हणाला, "मंग बापलेच इचार, पुढे सरकशी का म्हनीसन. विसावा आठेच व्हता, आठेच ऱ्हाई."

विसाव्याची जागा बदलू नये, हे मलाही बरोबर वाटले.

दुपारी वडिलांना त्या फटीत टेकवले. दुभाजक चार फूट रुंद, तिरडी त्याहून लांब. पायांकडची बाजू रस्त्यावर आली. दोघे जण वळणावर टॉवेल हलवत उभे राहिले. ट्रक थांबले, एका ड्रायव्हरने केबिनमधूनच हात जोडले. तिरडी बाहेर येते हे सगळ्यांनी पाहिले. त्यावरून पुढचे काही कुणाला सुचले नाही.

फट तशीच राहिली आणि गावाच्या सोयीची झाली. दूधवाले, निंदणीला जाणाऱ्या बाया, मोटरसायकली, सगळे तिथूनच ओलांडू लागले. रोज वळणावर टॉवेल घेऊन कोण उभे राहणार?

भातकापणीच्या दिवसांत भाऊ संध्याकाळी शेतातून परत येत होता. मोटरसायकलवर मागे पेंढ्याचा भारा. पलीकडचे दोन पदर ओलांडून तो फटीत थांबला, अलीकडच्या गाड्या जाऊ द्यायला. मोटरसायकल साडेसहा फूट, जागा चार फूट. मागचे चाक आणि भारा रस्त्यावरच राहिला. वळणावरून ट्रक आला. ड्रायव्हर पळाला नाही, पोलीस येईपर्यंत तिथेच बसून होता. नंतर मी वळणावर उभा राहून पाहिले. फटीत थांबलेला माणूस दिसतो तेव्हा भरल्या ट्रकला थांबायला अंतर पुरत नाही.

भावालाही आम्ही तिथेच टेकवले.

तेराव्यानंतर घरात मी फट बुजवायचे काढले. चुलते भडकले. "आनि मंग मयत कथाईन नेवानी? तू मरना म्हंजे तुले मोरीमाईन ओढत नेऊ का?"

आई भिंतीला टेकून बसली होती. आपल्याला मालकाच्याच वाटेने न्यायचे, असे तिने वडील गेले त्या दिवशी मला बजावले होते. त्यामुळे मी तिच्याकडे बघायचे टाळत होतो.

ती म्हणाली, "विसावा गावनी वेसवर करा. तठून माले गाडीमा टाका आनि फिरीसन न्या. माले आते काय घाई शे? पन ती फट बुजा."

चुलते उठून बाहेर गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

मी त्याच जेसीबीवाल्याला बोलावले. त्याने फटीत दगड आणि मुरूम दाबला, गवंडी आणून वर काँक्रीट ओतले. आई रस्त्याच्या कडेला बसून होती. काम संपल्यावर तिने त्याला विचारले, "आते कोनी फोडाव नही ना?"

"मी त फोडाव नही, माय," तो म्हणाला. दुसऱ्या कुणाबद्दल तो बोलला नाही.

गवंड्यासकट साडेतीन हजार झाले. ते मी त्याला तिथेच रोख दिले.