बास्केटबॉलच्या मैदानावरचा पेढा

शिक्रापूरच्या एका कारखान्यात मी जनसंपर्क बघायचो. दौंडला कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलो होतो, म्हणून शिरूरच्या कॉलेजात सामना आणि तिथंच तोंडाच्या कॅन्सरची जनजागृती, असा घाट मी घातला. गर्दी जमावी म्हणून टीव्ही मालिकेतली एक नटी आणली. इथंच माती खाल्ली.

कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांना ना खेळाशी घेणंदेणं होतं, ना कॅन्सरशी. त्यांना नटीच्या हातून पेढा खायचा होता. मैदानाच्या मधोमध शाल-नारळ चालू आणि खेळाडू चेंडू काखेत धरून उन्हात ताटकळत उभे. शेवटी नटीनं पेढा पुढं केला, पण गुटखा खाऊन खाऊन आखडलेलं अध्यक्षांचं तोंड बोटभराच्या वर उघडेना. तिनं चुरा करून भरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझं डोकंच फिरलं.

मी लिहिलेलं पत्रक अध्यक्षांच्या हातात कोंबलं आणि 'तोंड पूर्ण उघडत नसेल तर लगेच तपासून घ्या' या ओळीवर बोट ठेवलं. म्हणालो, "आप्पा, हे तुमच्यासाठी आहे."

त्यांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं.

"आन् ह्याच्यात माझा फोटो कुठं हाय?"