साहेबांच्या घरचं कार्य

अहमदपूरच्या एका महाविद्यालयात मी बी.ए.च्या वर्गाला मध्ययुगीन युरोप शिकवत होते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर मोबदला, नाही झाला तर काही नाही. संस्था कागदोपत्री विश्वस्त मंडळाची होती, पण आमच्या भागात असं कुणी बोलत नाही. "कुठं हायस नोकरीला?" असं विचारलं की "साहेबांकडं हाय" एवढंच उत्तर येतं. शाळेतले, कॉलेजातले, वसतिगृहातले, सगळे साहेबांकडंच असतात.

मॅनॉर म्हणजे काय हे समजावताना मी 'गढी' हा शब्द वापरायचे, मग आमच्याकडच्या पोरांना फार सांगावं लागत नसे. उंचावर सरंजामदाराचं घर, खाली त्याची शेतं, त्या शेतांत राबणारे भूदास. आठवड्यातले काही दिवस त्यांनी धन्याच्या रानात फुकट राबायचं, कापणीला आणखी जास्त. दळण धन्याच्याच गिरणीत दळायचं, पाव धन्याच्याच भट्टीत भाजायचा. गाव सोडायचं किंवा लेकीचं लग्न करायचं तर आधी परवानगी काढायची. एवढं सांगून मी थांबले, तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "म्हंजे आपल्या सरांवानीच की, मॅडम."

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? साहेबांच्या वाढदिवसाला आमचे भूगोलाचे सर डोक्याला फेटा बांधून चौकात गाड्यांना वाट दाखवत उभे होते, ते या पोरांनी पाहिलेलं होतं. डॉक्टरेट झालेला माणूस शिट्टी फुंकत होता आणि आम्ही सगळे ते चालवून घेत होतो.

त्याच आठवड्यात ही गंमत माझ्या घरात शिरली. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. वडील लवकर गेले, तिला मीच शिकवली, ती नांदेडला नर्स झाली. मुलगा साहेबांच्याच एका हायस्कुलात गणित शिकवायचा. नेमणूक झाली होती, वरून मान्यता यायची होती, आणि मान्यतेची फाईल कुणी हलवायची ते सांगायला नको. आम्ही बौद्ध, आमच्यात मुहूर्त नसतो. तिची हॉस्पिटलची रजा आणि त्याची शाळेची सुट्टी बघून एक रविवार धरला, अहमदपुरात हॉल ठरवला, पत्रिका वाटल्या.

मग प्राचार्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांच्या नातवाचं लग्न लातूरला, त्याच रविवारी. असल्या गोष्टींचं परिपत्रक निघत नाही, सगळं तोंडी असतं. मराठीच्या सरांकडं पंगत, विज्ञानवाल्यांकडं पार्किंग, पुरुषांना फेटे, बायकांना एका रंगाच्या साड्या. माझ्याबरोबरच्या मॅडमना औक्षणाचं ताट मिळालं, मला दारात गुलाबपाणी शिंपडायचं काम. औक्षणाच्या ताटाला माझा हात का चालत नाही, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज कुणालाच वाटली नाही.

सगळे गेल्यावर मी प्राचार्यांना म्हणाले, "सर, त्या दिवशी माझ्या बहिणीचं लग्न आहे. पत्रिका तुम्हाला दिलीय."

त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता, पण साहेबांचं नाव निघालं की त्याचा कणाच जायचा. "मॅडम, साहेबांच्या घरचं कार्य हाय," ते म्हणाले. मग त्यांना एकदम तोड सापडली. "अन् तुमच्यात तर मुहूर्त नसतोय न? मग एक दिवस इकडं केलं काय अन् तिकडं केलं काय!"

अगदी मायेनं म्हणाले हो! माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, पंचांग सोडलं, ते काय साहेबांना आमची तारीख मोकळी सापडावी म्हणून? त्यांच्या नातवाचा मुहूर्त हलत नाही, म्हणून माझ्या बहिणीचं लग्न हलवायचं! मी एवढंच म्हणाले, "सर, मी येणार नाही," आणि बाहेर पडले.

मी नकार देऊन मोकळी झाले, पण नवरदेवाचं काय? दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पार पडलेला. "ताई, माझी ड्यूटी लागलीय लातूरला. मुख्याध्यापक म्हणतेत, तारीख पुढं घ्या. आई-बाबा बी तेच म्हणतेत. मान्यतेचं अडकलं तर काय करायचं?"

मी फोन बहिणीकडं दिला. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी रजा मंजूर हाय. तारीख हलणार न्हाई. मी त्या दिवशी हॉलवर असते, तुम्हाला यायचं असलं तर या." फोन ठेवून ती भांडी घासायला गेली. आई मात्र माझ्यावर चिडली. म्हणाली, "तू बी गप बसंना. एवढं शिकवून तिचं लग्न मोडायचं हाय का तुला?"

रविवारी हॉल भरला. समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या तयार, बौद्धाचार्य घड्याळाकडं बघत बसलेले. मुलाकडचे आले होते, मुलगा नव्हता. त्याचे वडील सारखे सांगत होते, "निघालाय, निघालाय." पांढऱ्या साडीत बहीण ताठ बसली होती. बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी आईला पाणी दिलं. मला त्या क्षणी लातूरच्या त्या मांडवाचा इतका संताप आला की तिथं जाऊन सगळी पंगत उठवून लावावी असं वाटलं.

तो आला, मोटारसायकलवर, घामानं थबथबलेला. अंगात लग्नाचा पांढरा सदरा, डोक्याला साहेबांच्या घरचा गुलाबी फेटा, आणि छातीवर बिल्ला: स्वागत समिती. पहाटेपासून तिथं उभा राहून, कुणाला तरी जागेवर ठेवून निसटला होता. मंचावर चढता चढता तो माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, लवकर उरकू. रात्रीच्या पंगतीला परत यायला सांगितलंय."

ते बहिणीनं ऐकलं. उठून उभी राहिली. सगळ्या लोकांसमोर तिनं विचारलं, "लग्नाला आलात का मधल्या सुट्टीत आलात?"

त्याची मान खाली. ती म्हणाली, "आत्ता फोन लावा अन् सांगा, येत न्हाई म्हणून. मगच मी हार घालीन."

त्यानं फोन लावला. पलीकडं मुख्याध्यापक होते, मागं बँड वाजत होता. "सर, माझं लग्न हाय, सर... न्हाई, म्हंजे जी... जी सर..." त्या 'जी'नं माझं काळीज तुटलं. गणित शिकवणारा, चांगला, सरळ पोरगा; स्वतःच्या लग्नात उभा राहून स्वतःच्याच लग्नाची सुट्टी मागत होता. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "अरे, तुझं लग्न उद्या बी होतंय!"

बहीण फोन घ्यायला हात पुढं करणार, एवढ्यात तोच म्हणाला, "न्हाई सर, आजच होतंय." फोन बंद करून खिशात टाकला. फेटा काढला, बिल्ला काढला, आणि ते कुठं ठेवावं ते न कळून माझ्या हातात दिलं. मग त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं पडली. आई रडत होती आणि मुलाचे वडील तोंड पाडून बसले होते.

त्याची मान्यता अजून आलेली नाही. माझं म्हणाल तर महिन्याभरानं साहेब कॉलेजला आले, तेव्हा मला केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्य उभे, विभागप्रमुख उभे, साहेब एकटे बसलेले. मी तयारीनंच गेले होते; ओरडतील, काढून टाकतील, जे होईल ते होईल. पण साहेब हसले. माझ्या बहिणीचं लग्न त्याच दिवशी झालं एवढंच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं; माझा नकार, नवरदेवाची ड्यूटी, यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं. कोण आलं, कोण नाही आलं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं; ते सगळं खालच्या खाली चाललेलं होतं.

"काय गं पोरी," साहेब म्हणाले, "आमच्या लेकीचं लग्न, अन् आम्हालाच आवतन न्हाई? सांगायचं न मला. तारीख जरा पुढं घेतली असती, मी आशीर्वादाला आलो असतो."

"साहेबांचं मन लई मोठं," प्राचार्य म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, ती तुमची लेक नाही, माझी बहीण आहे. आणि तारीख पुढं घ्यायची नव्हती म्हणूनच नाही सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं, जणू आत्ताच मी दारातून आले होते, आणि प्राचार्यांना चहा सांगायला लावला. मला चहा आला नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागलं त्यात माझं नाव नव्हतं. मध्ययुगीन युरोप आता साहेबांची भाचेसून शिकवते.

नोकरी गेल्याचं दुःख झालं, होणारच. पण मला राग अजून येतो तो त्या एका वाक्याचा. आमच्या लेकीचं लग्न, असं म्हणताना साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.