पभ्याच्या बशीतले स्क्रू

मिरजगावहून सुशीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या घरी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "टेबलावर रेडिओ उघडाच ठेवून गेलेत..." अर्ध्या दाढीनिशी मी पलंगावर बसलो. रडू आलं आणि त्यातच हसूही आलं, कारण उघडलेली वस्तू अर्धवट टाकणं पभ्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याला आता महिना झाला.

प्रभाकर, म्हणजे आमचा पभ्या, मिरजगावच्या स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात त्याच्या दुकानातल्या बाकावर आम्ही चार बिनलग्नाचे बसायचो. काम एकच, मुलींना नावं ठेवायची. अकरा ठिकाणांहून नकार आल्यामुळे पभ्या आमचा पुढारी. "पोरींना नोकरीवाला पायजे, त्यो बी पुन्यातला. आपल्याकडं कोन बघतंय?" असं तो म्हणाला की आम्ही माना डोलवायचो. फार सुख होतं त्यात, खरं सांगतो! सगळा दोष मुलींचा म्हटल्यावर आपल्याला काही करावंच लागत नाही. पभ्या दर वेळी तोच राखाडी सफारी घालून मुलगी बघायला जायचा, मान खाली घालून पोहे खायचा आणि एक शब्द न बोलता परत यायचा. "अरे, तिला काहीतरी विचार की," मी एकदा म्हणालो, तर उखडलाच. "मी हाय असा हाय. बदलनार न्हाई." बाकावर टाळ्या पडल्या. त्यात माझीही होती.

बारावं स्थळ कर्जतचं. सुशीला, बालवाडीत शिकवणारी. मी बरोबर होतो. त्यांच्या टीव्हीवरचं चित्र सारखं वर पळत होतं. पभ्याला ते बघवेना. पोह्यांची बशी ठेवून त्यानं सरळ टीव्ही उघडायला घेतला. त्याचे मामा डोळे वटारत राहिले. हा मात्र एकेक स्क्रू काढून शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या ओंजळीत ठेवतोय. "सांभाळा. एक बी हरवला तर खोकं बसनार न्हाई." येताना एसटीत "ह्यो बी नकारच" म्हणाला आणि निवांत झोपला.

चार दिवसांनी होकार आला आणि पभ्याची पाचावर धारण बसली. "कायतरी लपवत असत्याल," म्हणत त्यानं पंधरा दिवस उलटा निरोपच धाडला नाही. सोळाव्या दिवशी भर दुपारी सुशीला वडिलांना घेऊन दुकानात हजर!

"माझ्यात काय खोट निघाली, ते तोंडावर सांगा," ती म्हणाली. "नऊ जणांनी नकार दिला. कारण एकानंबी सांगितलं न्हाई."

"तुमाला?" पभ्या उठूनच उभा राहिला. "तुमाला बी नकार येत्यात?"

"मग? कुनी चालून दाखवायला लावलं, कुनी केस सोडायला लावले. इस्वासानं हातात कायतरी देनारे तुमीच पहिले. म्हनून हो म्हनले."

इतकी वर्षं आम्ही त्या बाकावर बसलो, पण नकार मुलींनाही येतो हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली. पभ्यानं टेबलावरची काढलेल्या स्क्रूंची बशी बाजूला सारली. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीला प्रश्न विचारला, "तुमाला... च्या किती ग्वाड लागतो?" आधी तिचे वडील हसले, मग आम्ही सगळेच.

लग्नातही सफारी तोच होता, गडी एका दिवसात बदलला वगैरे काही नाही. पण पुढे बाकावर बसून कुणी मुलींवर घसरला की पभ्या स्क्रूची बशी त्याच्या हातात द्यायचा. "धर. आन तू तिला काय इचारलंस त्ये सांग." माझं लग्न त्या प्रश्नामुळे झालं.

परवा मिरजगावला दुकानात गेलो. दुरुस्ती वहिनी केव्हाच शिकल्या होत्या. पभ्याचा चष्मा लावून त्या तोच उघडा रेडिओ पुन्हा जोडायला बसल्या होत्या. मी बाकावर टेकताच त्यांनी बशीतले स्क्रू माझ्या तळहातावर ओतले. "सांभाळा, भाऊजी." एकेक करत त्यांनी सगळे घेतले, शेवटचा तेवढा राहिला. त्या हात पुढे करून थांबल्या होत्या, आणि माझी मूठ काही केल्या उघडेना...