साहेबांचे पगार विचारणाऱ्या बाई

चहा यायच्या आधी बाई पगार विचारायच्या. समोर कारखान्याचे मालक असोत, सरकारी महामंडळाचे व्यवस्थापक असोत की सहकारी संस्थेचे मुख्य अधिकारी, खुर्चीत टेकल्या की पर्समधून चष्मा काढायचा, फॉर्म मांडीवर घ्यायचा आणि विचारायचं, ''नमस्कार. आपला वर्षाचा पगार किती?'' मालवणची एसटी किती वाजता सुटते हे विचारावं तितक्या साधेपणाने. मी एकदा त्यांना ह्या घाईचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, ''चहाच्या आधी विचारलं तर माणूस आकडा सांगतो. चहा झाला की गोष्ट सांगायला लागतो.''

बाई मूळच्या सावंतवाडीच्या. तिथेच कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या एका सल्लागार संस्थेने त्यांना हे काम दिलं. आपल्या भागातल्या सरकारी, सहकारी आणि खाजगी कंपन्या वरच्या साहेबांना वर्षाला काय देतात, ह्याची दर वर्षी पाहणी करायची. संस्था त्याचा अहवाल करून कंपन्यांना विकायची, म्हणजे आपण इतरांच्या मानाने कुठे आहोत हे प्रत्येकाला कळावं. आमचा जिल्हा बाईंकडे होता. विजयदुर्गच्या बाजूला मासळी परदेशी पाठवणारी एक कंपनी होती, तिथपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत त्या एसटीने फिरायच्या. गेटवरचे वॉचमन त्यांना 'पगारबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा आमच्याच वॉचमनला त्या म्हणाल्या, ''साहेबांना सांग, पगारबाई इली.''

काम अवघड होतं. आमच्याकडे माणूस एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला भावाशी चाललेल्या जमिनीच्या केसपासून स्वतःच्या साखरेपर्यंत सगळं सांगतो. पगार मात्र सांगत नाही. बायकोलाही थोडा कमीच सांगतो. आणि ह्या बाई तोच विचारत गावोगाव फिरायच्या.

मी तेव्हा कणकवलीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो, त्यामुळे त्यांचा फॉर्म आधी माझ्याकडे यायचा. पहिल्या वर्षी मी आमच्या एमडींनी सांगितला तो आकडा लिहून दिला. बाईंनी तो वाचला. मग विचारलं, गाडीचं पेट्रोल कोण भरतं? राहत्या घराचं भाडं? ड्रायव्हर कोणाच्या हजेरीवर आहे? संचालक म्हणून त्यांच्या मिसेसचं नाव आहे, त्यांना काय मिळतं? त्यांच्या बोलण्यात उलटतपासणीचा सूर नव्हता. दुकानदार सामानाची यादी वाचतो तसं त्या विचारत होत्या. मी गोंधळलेला पाहून म्हणाल्या, ''परब, हा माणूस उद्या नोकरी सोडून घरी बसला, तर काय काय त्याला स्वतःच्या खिशातून भरावं लागेल, त्याची यादी करा. त्या यादीची बेरीज म्हणजे पगार.''

ही फूटपट्टी त्या सगळ्यांना लावायच्या. सरकारी अधिकारी छाती काढून सांगत, ''आमचं काय, सगळं उघड आहे, वेतनश्रेणी बघा.'' बाई श्रेणी लिहून घ्यायच्या आणि मग बंगला, गाडी, माळी असं एकेक विचारत जायच्या. खाजगीवाला म्हणायचा, मी तर नावापुरताच पगार घेतो. त्याचाही आकडा तसाच कागदावर यायचा, पेट्रोलसकट.

फॉर्मवर कंपनीचं नाव नसे, फक्त एक खुणेचा आकडा. कोणती खूण कोणाची हे बाईंनाच माहीत. आमच्या एमडींना कुडाळकडच्या एका कारखानदाराचा पगार जाणून घ्यायची फार उत्सुकता होती. दोघे एकाच शाळेत शिकलेले. एका वर्षी त्यांनी बाईंना जेवायला थांबवलं, सोलकढी झाली, सुरमई झाली, आणि हात धुताना सहज विचारल्यासारखं विचारलं. ऑफिसात बाई नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी मालवणीत म्हणाल्या, ''तुमचो आकडो मी कोणाक सांगलंय? मगे दुसऱ्याचो तुमका कसो सांगू?'' एमडींना राग आला नाही. उलट त्यानंतर ते बाईंशी जास्त मोकळेपणाने बोलू लागले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे सांगायला हवं. एका भट्टीवर सुरू केलेला कारखाना त्यांनी मोठा केला होता.

पुढच्या वर्षी मात्र अहवाल हातात पडला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. सगळ्या साहेबांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभं केलं तर जो बरोबर मध्ये येतो, त्याच्याही ते खाली होते. मला बोलावून म्हणाले, ''परब, हे बोर्डापुढे ठेवा.'' मी ठेवलं. बोर्डाने त्यांचा पगार मध्याच्या वर नेला. नंतर कानावर आलं की आणखी चारदोन ठिकाणीही असंच झालं, आणि मग मधला आकडाच वर सरकला. पुढच्या अहवालात आमचे साहेब पुन्हा खाली.

बाईंना हे सगळ्यांच्या आधी दिसलं असणार. त्या वर्षी आल्या तेव्हा थकलेल्या वाटल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, ''सगळ्यांना मध्याच्या वर बसायचं आहे, परब. असा बाक मी तरी बघितला नाही. आणि हे माझ्याच कागदामुळे चाललंय.'' मी काहीतरी समजूत घालणारं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही. फॉर्मच्या शेवटी त्यांनी हाताने एक प्रश्न वाढवला होता: कंपनीत सर्वात कमी कमाई असलेल्या माणसाला वर्षाला किती मिळतात?

मी आमच्या शिपायाचा आकडा लिहिला. तो कायम नोकरीत होता, त्याचा पगार सांगायला लाज वाटावी असा नव्हता.

माझ्या खोलीच्या खिडकीतून शेड दिसायची. तिथे पायाने यंत्र दाबत काजूबी फोडणाऱ्या बायका बसलेल्या असत, तेलाने बोटं काळी पडलेल्या. बाईंनी फॉर्म वाचला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, ''आणि ही भायर बसलेली बायलमाणसा कोणाची?''

मी म्हणालो, ''ती ठेकेदाराची. आमच्या हजेरीवर नाहीत.''

''काजू कोणाचो?''

बाई उठल्या आणि शेडमध्ये गेल्या. तिथे पाट घेऊन सुनंदा नावाच्या बाईशेजारी बसल्या. ती अठरा वर्षं आमच्याकडे बी फोडत होती आणि तोवर मला तिचं नावही माहीत नव्हतं. मी दारात उभा होतो. बाईंनी तिलाही आधी नमस्कार केला आणि साहेबांना विचारत तसंच विचारलं, ''तुमचा वर्षाचा पगार किती?'' सुनंदा आधी हसली. मग म्हणाली, ''माझो पगार इचारूक आजपर्यंत कोण इलो नाय.'' किलोवर मिळणारे पैसे, पावसातले रिकामे महिने, असं बोटांवर धरत दोघींनी मिळून वर्षाचा हिशेब केला.

परत येऊन बाईंनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सुनंदाचा आकडा त्यांच्या वहीत होता. शिपायाचा आकडा खोडून तो लिहायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? पण त्या म्हणाल्या, ''माझ्या हातान नको. तुमी लिवलास, तुमीच खोडा.'' मला साहेबांची भीती वाटत होती. त्याहून जास्त त्या बाईंची वाटली. मी खोडलं. दोन्ही आकडे मी इथे लिहीत नाही, कारण ते बाहेर जाणार नाहीत असा बाईंनी आम्हाला शब्द दिला होता आणि तो मोडायला मी कोण? एवढंच सांगतो की वरचा आणि खालचा आकडा एकाच पानावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी पान उलटं करून ठेवलं.

अहवाल छापून आला तेव्हा त्यात शेवटचा प्रश्न नव्हता. बाई कोल्हापूरला गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं की वरच्या पगारांची पाहणी आहे, खालच्यांची नाही, आणि हे छापलं तर कंपन्या अहवाल घेणं बंद करतील. बाईंनी त्याच दिवशी काम सोडलं. ही बातमी कशी कोण जाणे एका वार्ताहराला लागली. तो त्यांच्या घरी गेला. जिल्ह्यातल्या प्रत्येक साहेबाचा आणि त्याच्या सर्वात खालच्या माणसाचा आकडा बाईंकडे होता. ते छापून आले असते तर जिल्हाभर गाजलं असतं. मीही मनातून धास्तावलो होतो, आणि खरं सांगायचं तर ते छापून यावं असंही थोडं वाटत होतं. बाईंनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

मग त्यांनी वेगळंच केलं. प्रत्येक कंपनीसाठी एक कागद तयार केला. त्यावर फक्त त्या कंपनीचा वरचा आकडा, खालचा आकडा आणि वरचा खालच्याच्या किती पट, एवढंच. आणि स्वतःच्या खर्चाने, पुन्हा एसटीने, त्या तो ज्याचा त्याला नेऊन देऊ लागल्या. दोन ठिकाणी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

आमच्याकडे आल्या तेव्हा मी एमडींच्या केबिनमध्ये होतो. साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला.

''हा आणखी कोणाला दाखवलात?''

''तुमचा तुम्हालाच.''

''मग मी ह्याचं करायचं काय?''

''काही नको. दर वर्षी हे दोन आकडे एकाच कागदावर बघा. वेगवेगळ्या कागदांवर असले की दोन्ही बरे दिसतात.''

साहेबांनी कागद खणात टाकला. बाईंना चहा विचारायचं त्या दिवशी राहून गेलं.

साहेबांचा पगार काही कमी झाला नाही. पण दोनेक महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि खाली बघतच म्हणाले, शेडमधल्या बायकांना आपल्या हजेरीवर घ्यायचं तर काय काय करावं लागेल ते लिहून आणा. त्याला पुढे दीड वर्ष गेलं. ठेकेदार भांडला. काही बायकांनी स्वतःच नको म्हटलं, कारण हजेरीवर आल्यावर लावणीच्या दिवसांत शेतावर कसं जायचं? उरल्या त्यांचा प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला, पावसाळ्याचेही पैसे मिळू लागले. सुनंदाचा फॉर्म मीच भरला. हे बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ''किती जणी राहिल्या बाहेर?'' इतर कंपन्यांत काय झालं, मला माहीत नाही. बाईंना माहीत असलं तरी त्या सांगणार नव्हत्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा होता. त्यांचे भाऊ म्हणाले, जायच्या आधी त्यांनी सगळ्या वह्या मागवून घेतल्या आणि अंथरुणात बसून एकेक पान बारीक फाडलं. मदत करतो म्हटलं तर 'वाचशील' म्हणून भावांनाही हात लावू दिला नाही.

बाराव्याला मी सावंतवाडीला गेलो. जाताना सुनंदाला विचारलं, तर ती पदर सारखा करून गाडीत येऊन बसली. बाईंच्या घराच्या पडवीत बरीच मंडळी होती. इस्त्रीच्या शर्टातली, गप्प. काही चेहरे मी समारंभांत लांबून पाहिलेले. तेव्हा लक्षात आलं, की इथे बसलेल्या निम्म्याअधिक माणसांचा पगार फक्त ह्या घरातल्या बाईंना ठाऊक होता. माझ्या बाजूला एका सरकारी महामंडळाचे निवृत्त व्यवस्थापक बसले होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, तुमची कशी ओळख? मी म्हणालो, कंपनीचे पगार विचारायला यायच्या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ''मी पहिल्या वर्षी खोटा सांगितला होता. त्यांना कळलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच विचारलं, जणू काही झालंच नाही. मग मला खोटं बोलवेना.''

सुनंदा पायरीजवळ उभी होती. कुठे बसावं तिला कळत नव्हतं. त्या गृहस्थांनी तिच्याकडे बघून विचारलं, ''आणि तुम्ही बाईंच्या कोण?''

''मी कोण नाय,'' ती म्हणाली. ''माका त्यांनी पगार इचारलेलो.''

''मलाही,'' ते म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.