पाळकसाहेबांनी खोडलेलं वाक्य

३ ऑगस्ट, सोमवार. पाळकसाहेबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार, तिची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी गठ्ठा देऊन निघाले आणि जिन्यात थांबून म्हणाले, "मार्थाताई, एकशे बारावं पान काढू या का? साहेबांच्या नावाला बट्टा नको, आणि तुमच्या घरची गोष्ट तरी चव्हाट्यावर कशाला?" उद्या सकाळी सांगते म्हटलं.

पाळकसाहेब आमच्या परळच्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. माणूस गेला की आम्हा ख्रिस्ती लोकांत 'प्रभूमध्ये झोपी गेला' म्हणायची पद्धत. त्यांना ती चालत नसे. "मेला म्हणा. झोपलेला माणूस सकाळी चहा मागतो."

नाताळात देवळावर चांदणी नाही, उपदेशात गोष्टी नाहीत, लिहिण्यात विशेषणं नाहीत. पाळकीणबाई चिडवायच्या, "अहो, देवानं मोराला पिसारा दिलाच ना?"

"मोराला दिला. मला पाळक केलं."

संप सुरू झाला तेव्हा मंडळीतली निम्मी घरं गिरणीच्या पगारावरची. पाळकसाहेबांनी एक वेळचं जेवण सोडलं, पण कुणाला सांगितलं नाही. पाळकीणबाईंच्या तोंडून ते मला फार उशिरा कळलं. ते घरोघरी जात, बसत आणि धीराचा शब्द न बोलता उठत. लोकांना राग यायचा. "धीर देण्याइतकं मला ठाऊक नाही," एवढंच म्हणत.

माझे वडील साचाखात्यात मागावर होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मी वीस वर्षांची होते. पाळकसाहेबांकडे गेले, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "अशा माणसाची शवपेटी देवळात घेता येत नाही, मार्था. नियम आहे."

वडिलांच्या काळाचौकीच्या सोबत्यांनी खांदा दिला. सगळे हिंदू. शिवडीच्या दफनभूमीत आमचं गीत कुणालाच येत नव्हतं. मी एकटीनं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला आवाज बसला. एक जण म्हणाला, "होऊ दे पोरी तुझं सावकाश. आम्ही थांबलोय."

त्यानंतर मी देवळात गेले नाही. तीन वर्षांनी पाळकसाहेब आमच्या लालबागच्या चाळीचा जिना भिंत चाचपत चढून आले. "माझी नजर गेली. पुस्तक लिहायचंय. तुझं अक्षर बरं आहे." बाकी काही नाही. मी हो म्हटलं. कामावरून सुटल्यावर रोज तासभर जायचे. मला अक्षराचं कौतुक नको होतं. त्या अर्ध्या दाराबद्दल त्यांनी काही बोलावं, एवढ्यासाठी मी जात होते. दोन वर्षं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

शेवटचं प्रकरण चालू असताना एका संध्याकाळी त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"लिही. संपात एका कामगारानं स्वतःचा जीव घेतला. त्याची मुलगी माझ्या दारात आली. मी तिला परत पाठवलं. मी चुकलो. शास्त्र माझ्या हातात होतं, आणि प्रभू तिच्याबरोबर बाहेर उभा होता."

मी लिहून थांबले.

"वाच."

वाचलं.

"शेवटचं वाक्य खोड. सजलेलं आहे."

"पण खरं आहे ना?"

"खरं आहे. त्यानं माझी चूक देखणी दिसते."

मी खोडलं. ते पाण्याचा पेला चाचपू लागले, मी हातात दिला. त्या विषयावर आमचं बोलणं एवढंच.

पुस्तक छापून यायच्या महिनाभर आधी ते मेले. 'झोपी गेले' असंच सगळे म्हणाले. त्यांच्या अंत्यविधीला, पाच वर्षांनी, मी देवळात पाऊल टाकलं, मागच्या बाकावर बसले. त्यांची पेटी वेदीसमोर ठेवली होती. वडिलांसाठी मी म्हटलं होतं तेच गीत सुरू झालं, आणि भरल्या देवळानं ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. एकही आवाज बसला नाही. मला ते ऐकवेना. मी उठून बाहेर गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. मला त्यांचंही दुःख होत होतं, हे तेव्हाच कळलं.

४ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी मी सेक्रेटरींना फोन केला. पान राहील म्हटलं.

"अहो ताई, लोक विचारत बसतील, कोण हा कामगार."

"विचारायला लागणार नाही."

एकशे बाराव्या पानाखाली मी तळटीप लिहिली : हे कामगार म्हणजे दाऊद यशवंत साळवे, साचाखातं. माझे वडील.

मुद्रितं छापखान्यात दिली आणि कामावर गेले.