आक्कांचं भांडार

दुकानात शिरताना पायातल्या चपला दाराशी काढून ठेवणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच बघितलं. सांगलीतल्या आमच्या सहकारी भांडारात सुईपासून शिलाई मशिनपर्यंत सगळं एकाच छपराखाली मिळायचं, आणि या बाई तिथं अनवाणी फिरायच्या. चपला घाला म्हटलं तर म्हणायच्या, "फरशी किती लख्ख ठेवलीया, चपलीनं पाय टाकवत न्हाई."

मी लुगड्यांच्या काउंटरला होतो. त्यांना आक्का म्हणायचो. आठवड्यातून तीनदा तरी त्या यायच्या. ही इरकली काढा, तिचा पदर उलगडा, आता ती वरची दाखवा. अर्धा तास माझा घाम काढून शेवटी तेच, "घ्यायचं न्हाई दादा, बघती न्हवं." जाताना फार तर काड्यापेटी घ्यायच्या. तुम्ही कधी काउंटरमागं उभे राहिला असाल, तर अशा गिऱ्हाइकाला बघून काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. पण एखाद्या आठवड्यात आक्का दिसल्या नाहीत, की आम्हीच एकमेकांना विचारत बसायचो.

बरं, नुसतं बघून भागतंय होय? बादल्या वाटेत मांडल्या म्हणून त्या मॅनेजरांना झापायच्या. पेठेत साबण स्वस्त मिळतो असं कुणी म्हटलं, तर घरातल्या माणसाला नावं ठेवल्यासारखं त्यांना लागायचं. भांडाराच्या सभासद होत्या ना!

नवरा पलटणीत, घर म्हणजे पत्र्याची एक खोली. एकुलत्या एक लेकीला बघायला शिरवळचे पाहुणे आले, तेव्हा आक्कांनी कुणाला न विचारता त्यांना थेट भांडारात आणलं. माझ्या काउंटरपुढच्या बाकावर मंडळी बसली, पोरगी खाली मान घालून उभी. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला आणि चहा मागवला. मला हसू आवरेना.

तेवढ्यात मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीचं आजोळ कुठलं? मामा कोन?"

आक्कांचं तोंड एवढंसं झालं. आईबाप लहानपणीच गेलेले, पाठीला भाऊ नाही, हे मला ठाऊक होतं. आजोळ नसलेली सोयरीक पाहुण्यांना नको होती, हेही दिसत होतं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"मामा मी," मी म्हणालो. "आक्का मला राखी बांधत्यात."

ही मी चक्क थाप ठोकली होती. पण सोयरीक जमली आणि लग्नात पोरीमागं मी मामा म्हणून उभा राहिलो. पुढं राखीपुनवेला आक्कांनी ती थाप खरीही करून टाकली. राखी आमच्याच भांडारातली, आणि ती निवडायला पाऊण तास.

नवरा पेन्शनीत आल्यावर त्या पलूसला राहायला गेल्या. येणं कमी कमी होत थांबलं. मला फार चुकल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी पलूसच्या पहिल्या एसटीनं त्यांचा पुतण्या आला. आक्का रात्री गेल्या होत्या. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली, की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात.

"काकीनं सांगून ठिवलंय," तो म्हणाला, "लुगडं भांडारातनं येईल, तवर उचलायचं न्हाई."

मी हिरवी इरकली काढली. मॅनेजरांनी आत आलेल्या दोघा-तिघा गिऱ्हाइकांना हात जोडून बाहेर काढलं, शटर ओढून कुलूप लावलं, आणि आम्ही सगळेच्या सगळे पलूसच्या एसटीत जाऊन बसलो.